मोगली एरंड : कुंपणापासून डिझेलपर्यंत आणि परत

मोगली एरंड हे एरंडाच्या कुळातले, तीन ते पाच मीटर उंच वाढणारे झुडूप आहे. शास्त्रीय नाव जट्रोफा करकस. महाराष्ट्रात त्याला चंद्रज्योत किंवा रानएरंड असेही म्हणतात. नेहमीच्या एरंडाशी त्याचे कुळ एक असले तरी प्रजाती वेगळी आहे. कोरड्या दिवसांत ते पाने गाळते, मांसल खोडात पाणी धरून ठेवते आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटते. मुरमाड जमिनीत, दगडी बांधावर, रस्त्याकडेच्या चारीत ते टिकते. फांदी तोडून जमिनीत खोचली तरी मूळ धरते. त्याच्या चिकाचे फुगे उडवणे हा खेड्यातल्या मुलांचा जुना खेळ आहे. सगळ्यात महत्त्वाचा गुण म्हणजे शेळी त्याला तोंड लावत नाही. या एका गुणामुळे ते शेकडो वर्षे कुंपणाचे झाड म्हणून जगभर फिरले.

मूळचे ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. पोर्तुगीजांनी ते अटलांटिकमधल्या केप व्हर्दे बेटांवर आणि तिथून आफ्रिका व आशियात नेले. एकोणिसाव्या शतकात केप व्हर्देवरून त्याच्या बिया पोर्तुगाल आणि फ्रान्सला जात. तेलाचा साबण होई, दिवेही जळत. म्हणजे तेलासाठी हे झाड लावणे ही एकविसाव्या शतकाची कल्पना नाही. नवे होते ते त्याला पडीक माळावरचे नगदी पीक ठरवणे, आणि त्यावर देशाच्या डिझेलचा हिशेब मांडणे.

बीमध्ये साधारण 30 ते 40 टक्के तेल असते. डिझेल इंजिन वनस्पतितेलावर चालते ही गोष्ट इंजिनाइतकीच जुनी आहे. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक छोटे डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. अडचण घट्टपणाची असते. मोगली एरंडाचे कच्चे तेल डिझेलपेक्षा दहा पटींच्या घरात घट्ट असते. पाणी उपसणाऱ्या जुन्या, संथ इंजिनाला ते काही काळ चालते, पण ट्रक-ट्रॅक्टरच्या इंजिनात नोझल चोंदतात आणि काजळी साचते. म्हणून तेलाची मिथेनॉल आणि कॉस्टिकबरोबर प्रक्रिया करतात. शंभर किलो तेलाला अकरा किलोच्या आसपास मिथेनॉल लागते. त्यातून जवळजवळ शंभर किलो बायोडिझेल आणि दहा किलोच्या आसपास ग्लिसरीन मिळते. बी जुने किंवा ओले असेल तर तेलातली आम्लता वाढते, बायोडिझेलऐवजी साबण होऊ लागतो आणि आधी आम्लाची एक जादा प्रक्रिया करावी लागते. या तंत्रात कोडे असे काही नव्हते. भारतीय मानक ब्युरोने 2005 मध्ये बायोडिझेलचे मानकही ठरवून टाकले. घोडे अडले ते कारखान्याच्या दारात नव्हे, शेतात.

या पिकाची महाराष्ट्रातली पहिली मोठी परीक्षा नाशिकला झाली, आणि तीही देशात कुणी बायोडिझेलचे नाव काढण्याच्या बरेच आधी. निलगिरी लावणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी करणारे विनायकदादा पाटील आणि त्यांच्याबरोबरच्या मंडळींनी 1986 मध्ये नाशिकजवळ विल्होळी परिसरात मोगली एरंडाची लागवड सुरू केली. पुढच्या काही वर्षांत ती शेकडो शेतकऱ्यांपर्यंत आणि हजारो हेक्टरांपर्यंत पोचली. विनायकदादांनी 1991 मध्ये त्यावर सहलेखकासह इंग्रजीत पुस्तकही लिहिले. पुस्तकाचा सूर आशेचा होता. शेतातले उत्पन्न मात्र अपेक्षेच्या आसपासही आले नाही. बियाला खात्रीचे गिऱ्हाईक मिळेना, आणि शेतकरी एकेक करून दुसऱ्या पिकांकडे वळले. प्रयोग प्रामाणिक होता, त्याला सहकाराचा आधार होता, माणसे जाणती होती. तरीही तो फसला. पुढे दहा-बारा वर्षांनी सरकारने तेच झाड देशभर लावायचे ठरवले तेव्हा नाशिकच्या या अनुभवाची पुरेशी चौकशी झाली नाही, ही या साऱ्या प्रकरणातली सर्वांत महाग पडलेली चूक म्हणावी लागेल.

केंद्राचा उत्साह 2002 पासून दिसू लागतो. त्या वर्षी नियोजन आयोगाने जैवइंधनासाठी समिती नेमली. 31 डिसेंबर 2002 रोजी दिल्ली–अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस 5 टक्के बायोडिझेल मिसळून चालवण्यात आली. एप्रिल 2003 मध्ये समितीचा अहवाल आला. त्यातला हिशेब असा : हेक्टरी 2,500 झाडे, प्रत्येक झाडाला दीड किलो बी, म्हणजे हेक्टरी पावणेचार टन बी आणि सुमारे 1.2 टन तेल. डिझेलमध्ये 20 टक्के मिश्रण करायचे तर 1.1 कोटी हेक्टरांच्या आसपास लागवड हवी. एवढी जमीन आणायची कुठून, तर विरळ जंगलातून, पडीक रानातून, रेल्वे-रस्ते-कालव्यांच्या कडेने आणि शेताच्या बांधांवरून. नुसत्या बांधकुंपणांची बेरीज 30 लाख हेक्टर धरली होती. पहिल्या टप्प्यात 4 लाख हेक्टरांवर प्रात्यक्षिक लागवड सुचवली होती. राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी भाषणांतून या झाडाचा पुरस्कार केला. ऑक्टोबर 2005 मध्ये बायोडिझेल खरेदीचे धोरण आले आणि 1 जानेवारी 2006 पासून तेल कंपन्यांनी लिटरला 25 रुपये देऊन ते घ्यायचे ठरले. 2009 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने 2017 पर्यंत 20 टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले आणि अखाद्य तेलबिया खाद्यपिकांच्या जमिनीत लावायच्या नाहीत, अशी अटही घातली.

त्याच काळात बाहेरच्या जगातही हे झाड पैसेवाल्यांच्या नजरेत भरले होते. खनिज तेल जुलै 2008 मध्ये पिंपाला 147 डॉलरपर्यंत चढले. ब्रिटिश पेट्रोलियमने 2007 मध्ये डी-वन ऑइल्स या कंपनीबरोबर भागीदारी करून लागवडीचा मोठा कार्यक्रम जाहीर केला. म्यानमारच्या लष्करी राजवटीने तर 2005 च्या अखेरीस प्रत्येक प्रांताला पाच लाख एकरांचे फर्मानच काढले. शाळा, दवाखाने आणि घरांच्या अंगणांतही लोकांना ही झाडे लावावी लागली. 2008 च्या एका जागतिक पाहणीत 242 प्रकल्प आणि सुमारे नऊ लाख हेक्टर लागवड मोजली गेली. त्यातला फार मोठा भाग आशियात होता. 2015 पर्यंत हा आकडा 1.28 कोटी हेक्टरांवर जाईल असा अंदाज त्याच पाहणीने वर्तवला होता. 30 डिसेंबर 2008 रोजी एअर न्यूझीलंडने बोइंग 747 च्या चारांपैकी एका इंजिनात निम्मे जट्रोफा इंधन घालून विमान उडवले. चाचणी यशस्वी झाली. शेतातला हिशेब मात्र तोवर कुणाच्याच हाती आलेला नव्हता, कारण त्या काळी लावलेल्या बहुतेक झाडांना धड फळेही धरली नव्हती.

हे सारे कागद अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावाच्या मातीवर ठेवून पाहिले की त्यांचे खरे वजन कळते. श्रीगोंदा तालुक्यातले काष्टी हे दौंड–अहिल्यानगर रस्त्यावरचे आणि दौंड–मनमाड लोहमार्गावरचे मोठे बाजारगाव आहे. तिथला आठवड्याचा जनावरांचा बाजार दूरवर नावाजलेला आहे. तालुक्याच्या पश्चिमेला घोड नदी, दक्षिणेला भीमा. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. तालुक्याचे दोन भाग दिसतात. घोड आणि कुकडीच्या कालव्यांचे आवर्तन जिथे पोचते तिथे ऊस, कांदा, लिंबू. आणि पाणी पोचत नाही तिथे ज्वारी, हरभरा, तूर आणि मोकळे माळरान. बागायत आणि जिरायत यांच्यामधली सीमा कधी कधी एका चारीच्या रुंदीएवढी असते. ‘दुष्काळात तग धरणारे नगदी पीक’ हे बोल अशाच गावाच्या जिरायत भागाला उद्देशून होते. म्हणून प्रश्न काष्टीच्या शिवारात उभे राहून विचारायला हवा : पाचशे मिलिमीटर पावसावर, खत-पाणी न देता, हे झाड पैसे देते का?

उत्तर पाण्यापाशी सुरू होते. झाड जगणे आणि झाड पिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मोगली एरंडाच्या प्रचारात त्या सरसकट एक धरल्या गेल्या. अडीचशे-तीनशे मिलिमीटर पावसावरही झाड मरत नाही, हे खरे. पण ते जगते कसे? पाने टाकून, वाढ थांबवून, फुलोरा आवरून. दुष्काळाशी जुळवून घेण्याची त्याची रीत ही न पिकण्याचीच रीत आहे. 2009 मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी या झाडाच्या नैसर्गिक वसतिस्थानांतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा 95 टक्के नमुने वर्षाला 944 मिलिमीटरहून जास्त पावसाच्या प्रदेशातले निघाले. म्हणजे ज्याला कोरड्या मुलखाचे झाड म्हणून विकले गेले, त्याचे माहेर श्रीगोंद्याच्या जवळजवळ दुप्पट पावसाच्या देशात आहे. नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच वर्षी एक लिटर जट्रोफा बायोडिझेलमागे सरासरी सुमारे 20 हजार लिटर पाणी खर्ची पडते असा हिशेब मांडला. त्या आकड्यावर लगेच हरकती आल्या, आणि त्या रास्त होत्या, कारण हिशेबातल्या जागा मोजक्या होत्या. पण आकडा निम्मा केला तरी कालव्याच्या पाण्यावर मोगली एरंड पिकवणे म्हणजे वेडेपणा, एवढे त्यातून नक्की होते. आवर्तनाचे पाणी ज्याच्या वाट्याला येते तो लिंबू किंवा कांदा सोडून डिझेल पिकवायला जाणार नाही. आणि ज्याला पाणी नाही त्याचे झाड बी धरणार नाही.

आता उत्पन्न. या झाडाला एकाच गुच्छात नर आणि मादी फुले येतात, आणि एका मादी फुलामागे वीस-पंचवीस किंवा त्याहून जास्त नर फुले असतात. फळ फक्त मादी फुलाला धरते, तेही कीटकांनी परागकण पोचवले तर. म्हणजे झाड फुलांनी लगडलेले दिसले तरी बोंडे मोजकीच. नियोजन आयोगाने झाडामागे दीड किलो बी धरले होते. सिंचन आणि खत नसलेल्या कोरडवाहू रानात दीड किलो ही अपवादाची गोष्ट ठरली. काही शे ग्रॅम किंवा त्याहूनही कमी हाती येणे हाच सर्वसाधारण अनुभव. नमुन्यादाखल हिशेब करून पाहू. झाडाला 200 ग्रॅम धरले तर 2,500 झाडांचे हेक्टरी 500 किलो बी होते. गावच्या घाण्यावर एक लिटर तेलाला साधारण चार किलो बी लागते. म्हणजे सव्वाशे लिटर तेल. 2006 च्या 25 रुपये दराने, आणि तो दर तयार बायोडिझेलचा होता हे विसरून, सगळे मिळून 3,125 रुपये. एका हेक्टरचे, एका वर्षाचे. तेही झाड तीन-चार वर्षांचे झाल्यावर. त्यातून वेचणी, वाळवणी, सोलणी, वाहतूक, घाणा आणि प्रक्रियेचा खर्च वजा करायचा. दीड किलोचा सरकारी आकडा खरा मानला तरी याच रीतीने रक्कम साडेतेवीस हजारांच्या आत राहते. श्रीगोंद्यात लिंबाची बाग लावणाऱ्याला हे गणित कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

वेचणीचा मुद्दा वेगळा सांगायला हवा, कारण कागदावर तो ‘रोजगारनिर्मिती’ या गोंडस सदरात बसवला होता. बोंडे एकदम पिकत नाहीत. एकाच फांदीवर हिरवे, पिवळे आणि काळे वाळलेले बोंड शेजारी शेजारी असते, म्हणून महिना-दोन महिने पुन्हा पुन्हा फिरून हाताने वेचावे लागते. यंत्राने झोडपता येत नाही. दिवसभर वेचून, सोलून जे बी हाती येते त्याची किंमत त्याच दिवसाच्या मजुरीच्या जवळपास किंवा तिच्या खाली राहते. कांद्याची काढणी आणि उसाची तोडणी चालू असताना मजूर मिळवताना दमछाक होणाऱ्या भागात हे काम करणार कोण? मजूर स्वस्त आणि रिकामा असेल तरच हे पीक परवडते. म्हणजे त्याचा फायदा गरिबीवर उभा होता.

मग कीड. रानात एकटेदुकटे उभे असलेले झाड निरोगी दिसते, म्हणून त्याला रोग-कीड नाही असा समज झाला होता. हेक्टरामागून हेक्टर एकच झाड उभे राहिल्यावर बोंडातला रस शोषणारे ढेकूण, बोंड पोखरणारी अळी, पानांवरचा मोझॅक विषाणू, भुरी आणि खोडकूज अशी सगळी मंडळी हजर झाली. बियाण्याचीही रड होती. आशिया आणि आफ्रिकेतली बहुतेक झाडे पोर्तुगीजांनी नेलेल्या थोड्याशा रोपांची वंशज असल्याने त्यांच्यात आनुवंशिक विविधता फार कमी आहे. निवड करायला वाव नसेल तर सुधारित वाण येणार कुठून? ज्वारी, डाळिंब किंवा लिंबू या पिकांमागे पिढ्यान्‌पिढ्यांची निवड आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या संस्थांची संशोधने उभी आहेत. ‘साई शरबती’ हे कागदी लिंबाचे वाण तिथलेच. मोगली एरंड मात्र रानातून उचलून थेट पिकाच्या गादीवर बसवला गेला. पुष्कळ ठिकाणी खरा नफा झाला तो रोपे विकणाऱ्या रोपवाटिकांना. प्रत्येक नव्या लागवडीला बी लागे, म्हणून सुरुवातीला बियाला चांगला दर मिळे. लागवड थांबली तसा तो दरही बसला.

बाजार म्हणावा असा नव्हताच. 25 रुपयांच्या खरेदी दरात बायोडिझेल तयार होत नव्हते, उत्पादनखर्च त्याहून बराच जास्त होता. शिवाय खनिज डिझेलचा भाव ऑक्टोबर 2014 पर्यंत सरकारी नियंत्रणात, खर्चाहून खाली ठेवलेला होता. म्हणजे एका हाताने सरकार बायोडिझेलला उत्तेजन देत होते आणि दुसऱ्या हाताने त्याचा प्रतिस्पर्धी स्वस्त ठेवत होते. तेल कंपन्यांची खरेदी केंद्रे जाहीर झाली, पण तिथे माल फारसा आलाच नाही. कारखाने उभे राहिले ते बी नसल्याने आयात पाम स्टिअरिन किंवा जुन्या खाद्यतेलावर चालू लागले.

जमिनीचा प्रश्न याहून अवघड आहे. योजनेतली ‘पडीक’ जमीन म्हणजे महसुली दप्तरातला पोटखराबा, गावचे गायरान आणि माळरान. दप्तरात तिला उत्पन्न नाही, पण काष्टीसारख्या गावच्या बाजारात जी शेळ्या-मेंढ्या आणि जनावरे उभी राहतात त्यांचा चारा बराचसा याच रानातून येतो. धनगरांचे कळप पावसाळ्यानंतर या माळांवरच फिरतात. तिथे शेळी खात नाही असे झुडूप भरगच्च लावणे म्हणजे चरणाऱ्या जनावराच्या तोंडचा घास काढणे. ज्या गुणामुळे मोगली एरंड उत्तम कुंपण ठरते, तोच गुण गायरानात घातक ठरतो. आणखी एक बाजू आहे. 1979 मध्ये जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्याच्या मूळ हद्दीत सोलापूर जिल्ह्याबरोबर श्रीगोंदा आणि कर्जत तालुक्यांचा भागही होता. माळढोक, काळवीट, लांडगा हे मोकळ्या गवताळ रानाचे प्राणी. त्यांच्यासाठी झाडी वाढणे हे रान सुधारणे नव्हे, बिघडणे आहे. हिरवे दिसेल ते चांगले, या समजुतीने आपल्याकडे गवताळ माळांचे जितके नुकसान केले तितके कुऱ्हाडीनेही केले नसेल.

नंतरच्या पाहण्यांनी जे दाखवले ते नाशिककरांना आधीच माहीत होते. तमिळनाडूतल्या लागवडींचा अभ्यास करून पेरे अरिझा-मोंतोबियो आणि शरच्चंद्र लेले यांनी 2010 मध्ये लिहिले की अपेक्षेच्या मानाने उत्पन्न फार कमी आहे, पाणी दिले तरी पुरेसे वाढत नाही, आणि त्यात टिकाव धरू शकतात ते पदरी बऱ्यापैकी जमीन-पैसा असलेलेच. दक्षिण भारतातल्या दुसऱ्या एका पाहणीत बहुसंख्य शेतकऱ्यांनी लागवड सोडून दिलेली आढळली. केनियात 2009 मध्ये शेकडो शेतकऱ्यांच्या शेतांवर जाऊन केलेल्या तपासणीचा निष्कर्ष तर एका ओळीत मावतो : कुंपण म्हणून लावा, पीक म्हणून नको. ब्रिटिश पेट्रोलियम त्याच वर्षी भागीदारीतून बाहेर पडली. म्यानमारमधली झाडे वेचणीविना तशीच उभी राहिली. भारतात डिझेलमधले बायोडिझेलचे प्रमाण आजही एक टक्क्याच्या आतच आहे. 2018 च्या जैवइंधन धोरणाने लक्ष्य गुपचूप 20 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणले आणि मुदत 2030 केली.

विषाची गोष्ट प्रचारपत्रकांत बारीक अक्षरात असे. बियांत करसिन हे विषारी प्रथिन आणि फोर्बोल एस्टर नावाची द्रव्ये असतात. चव शेंगदाण्यासारखी असल्याने मुले बिया खातात, आणि उलट्या-जुलाबांनी बेजार होऊन दवाखान्यात आणावी लागतात. चंद्रज्योतीच्या बियांमुळे शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. वेळेवर सलाइन मिळाले तर बहुतेक मुले बरी होतात, पण शाळेच्या कुंपणाला हे झाड लावणे सर्वथा चूक. याच विषामुळे पेंड जनावरांना घालता येत नाही. सरकी किंवा शेंगदाण्याची पेंड हा तेलबियांच्या धंद्यातला अर्धा आधार असतो. इथे तो नाही. पेंडीत नत्र साधारण 3 ते 4 टक्के असल्याने खत म्हणून ती चांगली आहे, पण पेंडखताला चाऱ्याच्या पेंडीचा भाव येत नाही. मेक्सिकोच्या काही भागात बिनविषारी जात सापडते आणि तिथले लोक तिच्या बिया भाजून खातात. ती जात आपल्याकडे पसरली असती तर चित्र थोडे वेगळे असते, पण मग शेळीनेही झाड सोडले नसते.

हे झाड कुठे उपयोगी पडले, याचीही नोंद घ्यायला हवी. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमध्ये मैलोन्‌मैल मोगली एरंडाची कुंपणे आहेत. त्यांचे बी वेचून बायका साबण करतात आणि काही गावांत कच्च्या तेलावर पीठगिरणी व जनरेटर चालवण्याचे प्रयोग झाले. छत्तीसगडच्या कवर्धा भागातल्या रणीधेरा या वीज न पोचलेल्या गावात 2007 पासून जट्रोफाच्या तेलावर चालणाऱ्या छोट्या जनित्रांनी घरांत दिवे लावले. कर्नाटकात उडुपी श्रीनिवास यांनी करंजाच्या तेलावर जनित्रे चालवण्याचा मार्ग दाखवला. या सगळ्यांत समान काय? झाड कुंपणावर किंवा आधीपासून उभे असलेले, बी गावातच वेचलेले, तेल गावातच वापरलेले, मिथेनॉलची भानगड नाही आणि डिझेल आणणेच महाग पडेल इतके गाव आडबाजूला. काष्टीला रेल्वे आहे, महामार्ग आहे, पेट्रोलपंप आहेत. तिथे ही शर्तच लागू होत नाही. अगदी दुसऱ्या टोकाला, 27 ऑगस्ट 2018 रोजी स्पाइसजेटचे विमान डेहराडूनहून दिल्लीला गेले तेव्हा त्यातल्या इंधनात छत्तीसगडच्या जट्रोफाचा एक चतुर्थांश वाटा होता. इंधन डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने बनवले होते. मात्र एक विमान उडवण्याइतके बी गोळा करणे आणि विमानसेवा चालवण्याइतके गोळा करणे यांत पुन्हा तोच शेताचा प्रश्न आडवा येतो.

श्रीगोंदा तालुक्याचे इंधनपीक म्हणून शेवटी पुढे आला तो ऊस. पेट्रोलमध्ये 5 टक्के इथेनॉल मिसळण्याची सुरुवात 2003 मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत झाली. 2013-14 मध्ये देशात मिश्रण जेमतेम दीड टक्का होते. 2025 मध्ये 20 टक्क्यांचा टप्पा गाठल्याचे केंद्राने जाहीर केले. अहिल्यानगर जिल्ह्यात सहकारी आणि खासगी साखर कारखाने दाट आहेत, त्यामुळे मळी आणि रसापासून इथेनॉल करणे त्यांना सोयीचे पडले. तोडणी, वाहतूक, वजन, पेमेंट ही सगळी साखळी आधीपासून तयार होती. मोगली एरंडाला नेमकी हीच साखळी कधी मिळाली नाही. पण उसालाही पाणी लागतेच. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात उसापासून एक लिटर इथेनॉलला 2,860 लिटर पाणी लागते असे म्हटले आहे. पाऊस कमी झाला की काय होते हे डिसेंबर 2023 मध्ये दिसले : साखर कमी पडेल म्हणून केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंदी घातली, काही दिवसांत ती सैल केली आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये उठवली. दुष्काळी तालुक्यात इंधनासाठी सर्वांत तहानलेले पीक रुजले, यात विसंगती उघड आहे. पण ती निर्माण झाली ती हमीच्या दरामुळे, झाडाच्या गुणामुळे नव्हे.

कोरडवाहू शेतकऱ्यासमोर खरेखुरे पर्याय दुसरे होते आणि आहेत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर दीर्घकाळ काम केले. ताटातल्या गोड रसापासून इथेनॉल किंवा काकवी, कणसातून धान्य आणि उरलेला चोथा व पाला जनावरांना, असे तिचे तिहेरी गणित आहे, आणि ज्वारी कशी पिकवायची हे या भागाला शिकवावे लागत नाही. इंधनाचा बाजार तिलाही नीट मिळाला नाही, पण पीक फसले तरी घरात धान्य आणि गोठ्यात कडबा राहतो. करंज हा इथलाच वृक्ष. नदीकाठी आणि रस्त्याकडेला चांगला वाढतो, हवेतले नत्र जमिनीत धरतो, तेल देतो. मात्र भरपूर बी धरायला त्याला बरीच वर्षे लागतात, म्हणून नगदी पीक म्हणून त्याचाही गवगवा करू नये. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून बोर, सीताफळ, आवळा, डाळिंब, लिंबू यांची लागवड महाराष्ट्रभर वाढली. त्यातल्या काही बागा वाळल्या, काहींनी शेततळ्यांच्या आणि विंधनविहिरींच्या नादाने कर्ज वाढवले. तरी फळाला जवळच्या बाजारात रोख गिऱ्हाईक होते. माळावर ऊर्जाच पिकवायची तर सूर्यपॅनेल अधिक थेट उपाय आहे. झाड उन्हातल्या ऊर्जेचा एक टक्काही साठवत नाही, पॅनेल पंधरा-वीस टक्के वीज करते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा 2017 मधल्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीचा. गायरानावर पॅनेल लावतानाही चराईचा तोच जुना सवाल उभा राहतो, आणि तो टाळून चालणार नाही.

काष्टी आणि तिच्यासारख्या कमी पावसाच्या गावांपुरता निवाडा असा करता येतो. मोगली एरंड हे तिथले नगदी पीक नाही आणि आज ज्ञात असलेल्या वाणांवर ते होण्याची चिन्हेही नाहीत. बांधावरचे कुंपण म्हणून ते स्वस्त आणि मजबूत आहे. मोकाट जनावरे अडवते, माती धरते, आणि बी मिळालेच तर पेंडखत मिळते. बियाण्यापासून लावलेले झाड सोटमूळ खोल घालते, फांदीपासून लावलेले वरवर मुळे पसरते. म्हणून नुसत्या दाट कुंपणाला फांद्या चालतात, पण माती धरायची तर बीच टोचावे. शाळा, अंगणवाडी आणि वस्तीपासून ते दूर ठेवावे. आणि मोगली एरंडाचे असो वा दुसऱ्या कुठल्या नव्या ‘दुष्काळी नगदी’ पिकाचे, रोप विकत घेण्याआधी बी कोण, कोणत्या दराने आणि किती वर्षे घेणार याचा लेखी करार मागावा. रोपे विकणारा तो देऊ शकत नसेल, तर रोपे घेऊ नयेत.